धोंडू परबाच्या अंगातली देवी

धोंडू परबाने सदरा काढला आणि आमच्या चाळीच्या चौकात जमलेल्या दोनशे माणसांनी एकदम हात जोडले. साठीला आलेल्या त्या गिरणी कामगाराची छाती बाईसारखी भरून आली होती.

"बघा, बघा!" अंगारा वाटणारा गंगाधरबाबा ओरडला. "तीस वर्षं गिरणीत साचा चालवलेला गडी! आई याच्या देहात वस्तीला आलीये. याची लघवी तुंबायची, कण्यात आग व्हायची. मला कुणी सांगितलं? यानं? चकार शब्द नाही! आईनं सांगितलं. महिनाभर अंगारा पोटात गेला आणि आग विझली. काय रे धोंडू?"

"व्हय. आता झोप लागता," धोंडू म्हणाला.

"येत्या पौर्णिमेला याला हिरवं लुगडं नेसवायचं. मग गिरणी बंद, डॉक्टर बंद! आणि ऐका, मुंबई महाराष्ट्रालाच मिळणार, हेही आईनं सांगितलंय!"

टाळ्या पडल्या. १९५७ साल होतं. लालबागच्या नाक्यावर हजारो माणसं जी मागणी घसा फोडून करत होती, ती देवीने बाबाच्या कानात कुजबुजायची काय गरज होती, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी माधव, त्याच चाळीतला, खालच्या दवाखान्यात डॉक्टर अच्युत धैर्यवानांचा कंपाउंडर. असल्या बाबांना मी मनातल्या मनात शिव्या घालायचो, आणि तेवढंच करायचो.

मग धोंडूची बायको गंगुबाई पुढे आली. पस्तीस वर्षं संसार केलेल्या त्या बाईने नवऱ्याचे पाय देवीचे म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरले. ती उठली तेव्हा त्या सुजलेल्या पायांवर तिच्या बोटांचे खळगे तसेच राहिले. भरून येईनात. सगळी गर्दी छातीकडे बघत होती, ती एकटी त्या खळग्यांकडे बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत ती दारात उभी. हातात अंगाऱ्याची पुडी.

"डॉक्टरानू, देवी इली तर पाय कित्याक सुजतत? जिन्यार दम लागता तेंका."

डॉक्टर ठाकूरद्वारच्या जुन्या घराण्यातले, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी पाठीचं विचारलं, लघवीचं विचारलं, छातीचं विचारलं, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"माधवराव, अंगारा म्हणजे राखच ना? जरा चमच्यात घेऊन तापवा."

मी स्पिरिटच्या दिव्यावर चमचा धरला. क्षणात ती पांढरी पूड फसफसली, काळी पडली, साखर करपल्याचा वास सुटला.

"राख एकदा जळून झालेली असते, ती पुन्हा करपत नाही," डॉक्टर म्हणाले. "यात कुटलेल्या गोळ्या आहेत. कुठल्या, त्याचा मला अंदाज आलाय. देवाने माझा अंदाज चुकवावा."

त्याच संध्याकाळी अंगारा वाटायच्या वेळी आम्ही दिवा घेऊन चौकात गेलो. डॉक्टरांनी एका बाईच्या शेगडीतली पांढरी राख मागून घेतली. ती एका चमच्यात, बाबाचा अंगारा दुसऱ्यात. शेगडीतली राख होती तशीच राहिली. बाबाचा अंगारा करपला. लोक पुढे सरकून वास घेऊ लागले.

"आईचा कोप होईल!" बाबा किंचाळला. "कोळसा होईल एकेकाचा!"

"माझो घोव मराक लागलोहा, आणखी काय कोप व्हतलो?" असं म्हणत गंगुबाईने त्याच्या मागे ठेवलेली ट्रंक उघडली. आत गोळ्यांच्या बाटल्या होत्या, खलबत्ता होता, आणि चार-पाच रुग्णांचे केसपेपर. एकावर धोंडूचं नाव, आमच्या चाळीचा पत्ता. बाबा हा एका इस्पितळातून चोरीपायी हाकललेला नोकर निघाला. आईने कानात सांगितलेलं सगळं त्या कागदावर लिहिलेलं होतं!

डॉक्टर धोंडूशेजारी पायरीवर बसले.

"परब, प्रत्येक पुरुषाला मूत्राशयाच्या तोंडाशी सुपारीएवढी एक ग्रंथी असते. पुरस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट. वीर्यातला पातळ भाग ती बनवते, आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय झालं की ती फुगते आणि नळी दाबते. बहुतेकांची साधीच फुगते. काहींच्यात मात्र कर्करोग होतो, आणि तो हाडांत उतरतो. तुमची पाठ त्यानेच दुखत होती. हा रोग अंडकोषांतल्या पुरुषी रसावर पोसतो. या गोळ्यांत बायकी रस असतो, त्याने रोगाची उपासमार होते. म्हणून दुखणं थांबलं आणि म्हणूनच छाती भरली. पण त्या भोंदूला मात्रा कुठं माहीत? अंगात पाणी साठलं, काळजावर ताण आला."

"इस्पितळात म्हणाले, अंड काढूचे लागतीत," धोंडू मान खाली घालून म्हणाला. "मी पळालंय. आता बरो व्हयन मा मी?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. "आराम देता येईल. काही महिने, कदाचित वर्ष. रोग हाडांत उतरण्याआधी तुम्ही आला असतात तर बरंच काही करता आलं असतं. त्रास कधीपासून होता?"

"दोन वर्सा. दवाखान्यात इलंलंय मी तेव्हा. सारखी लघवी लागता म्हणान सांगलंय. हेंनी इचारल्यानी, नळ गळाक लागलो काय धोंडबा? बाकावरची बायकामाणसा हसली. मी तसोच परत गेलंय. पाठीत आग व्हूक लागली तेव्हाच इस्पितळात गेलंय."

हेंनी म्हणजे मी. मला ती थट्टा आठवतही नव्हती.

बाबाला पोलीस घेऊन गेले. डॉक्टरांनी धोंडूला स्वतः इस्पितळात नेलं, तिथे मोजून औषध मिळालं, पायांची सूज उतरली. पुढच्या होळीआधी तो गेला. गंगुबाई मला एका शब्दाने बोलली नाही, आणि तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर मला सोसलं असतं.

म्हणून हे लिहितो आहे. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो तापवून बघा. पन्नाशीनंतर लघवीची धार बारीक झाली, वारंवार उठावं लागलं, रक्त दिसलं, तर डॉक्टरला सांगा. तपासणीला दोन मिनिटं लागतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि कुणी चाचरत सांगायला आला, तर त्याला हसू नका. भोंदूच्या दारात माणसं काही सगळीच देवीमुळे जात नाहीत. धोंडू परबाला तिथे मी पाठवलं होतं.