लोखंडी खोलीत बसायला नकार

बॉम्बच्या चाचणीची पांढरी राख पडली तेव्हा जे जे बेटावर होते, त्यांना मोजायला दरवर्षी जहाज येई. राखेनंतर आम्हाला दुसरीकडे हलवलं होतं, मग काही वर्षांनी परत आणून सोडलं. आम्ही आंघोळ करून, कागदी झगे घालून जहाजावर रांगेत उभ्या राहायचो. तिथे जाड लोखंडाची खोली होती. आत खुर्ची, वर यंत्र. अंगात किती विष उरलंय ते यंत्र मोजायचं. आकडा डॉक्टर घेऊन जायचे. आम्हाला बिस्किटं मिळायची.

त्या वर्षी माझी थोरली बहीण लिमेयो खोलीच्या दारातच अडून उभी राहिली. तिचं मूल नुकतंच पोटात दगावलं होतं.

"मावशी, बसा ना, लवकर उरकू," दुभाष्या जाबुए म्हणाला. पोरगा आमच्यातलाच, राजधानीच्या बेटावरचा.

"माझा आकडा किती, ते आधी सांग."

डॉक्टर हसत काहीतरी बोलले.

"म्हणतात, काळजी करू नका."

"काळजीचं कोण विचारतंय? मासे तोलले तरी वजन सांगतात की!"

"आकडा तुम्हाला कळणार नाही, म्हणतात."

"मग त्यांनाच बसव आत. त्यांचा आणि माझा शेजारी ठेव. लहानमोठं मला कळतं."

डॉक्टर गंमत म्हणून बसले. मग ताई बसली. यंत्राने दोघांच्या रेघा कागदावर काढल्या. त्यांची रेघ ओहोटीच्या वाळूसारखी पसरलेली, मध्ये जेमतेम एक उंचवटा. ताईची सरळ कागदाच्या टोकापर्यंत चढलेली.

"राख पडून इतकी वर्षं झाली. हे आलं कुठून?"

डॉक्टर बोलले. जाबुए कागदाची घडी घालू लागला.

"बोल की! जीभ गिळलीस?"

"जेवणातून, म्हणतात. नारळ, खेकडे..."

"मग 'जमीन निवळली, घरी चला' म्हणत आम्हाला इथे आणलं कुणी? मेल्यांनो, आम्ही खातोय आणि तुम्ही मोजताय!"

ती आमच्याकडे वळली. "चला गं. आता कुणी बसायचं नाही."

कागदी झग्यांतच आम्ही होडीत उतरलो. मागून डॉक्टर ओरडत होते, पण जाबुएने त्यांचं बोलणं आमच्या भाषेत केलंच नाही.

संध्याकाळी डॉक्टर डबाबंद मांस घेऊन किनाऱ्यावर आले. हे खा, म्हणाले.

"किती दिवस?" ताईने विचारलं.

"पुढच्या मोजणीपर्यंत."

ताई वाळूत थुंकली. डबे मात्र आम्ही ठेवून घेतले. आपल्या रागापायी पोरांना उपाशी कोण ठेवील?

पुढच्या वर्षी जहाज आलं, पण कुणीच होडीत चढेना. शेवटी डॉक्टरच वाळूवर आले आणि ज्याची रेघ त्याला दाखवतो म्हणून कबूल झाले. तेव्हा कुठे आम्ही गेलो.

रेघा आता दाखवतात. जमीन मात्र कुणी साफ करून दिली नाही. ताईच्या गळ्यात गाठ आली, तिला त्याच जहाजातून नेलं, आणि परत आली ती पेटी. मोजायला अजून येतात. मी समोरच विचारते, "जमीन नीट कधी करणार?" डॉक्टर जाबुएकडे बघतात. जाबुए खाली बघतो.