तेरा वळसे

माझ्या कामाच्या खोलीत भिंतीला दोन खिळे आहेत. धनुष्याच्या मुठीला हरणाचं कातडं गुंडाळलं की टोकाला बोटभर तुकडा उरतो. तो मी टाकत नाही, खिळ्यावर टोचून ठेवते. डाव्या खिळ्यावर शेजारच्या इवाकिरी कानेहिसाच्या हातची धनुष्यं, उजव्यावर त्याच्या सुनेच्या, किनुएच्या हातची. ही गोष्ट घडली तेव्हा डावीकडे एकसष्ट तुकडे होते, उजवीकडे त्रेचाळीस. एकशेचारही धनुष्यांच्या खालच्या टोकाशी कोरलेलं नाव मात्र एकच, कानेहिसा.

कुणाच्या हातचं कुठलं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. आमच्या मियाकोनोजो गावात दर चार घरांआड धनुष्याचं काम चालतं आणि भिंती लाकडी असतात. बांबूच्या कामट्या एकावर एक ठेवून सरस लावायचा, दोर आवळायचा आणि दोराखाली शंभराहून जास्त पाचरी ठोकत ठोकत ती सरळ काठी वाकवायची. सरस हरणाच्या कातड्याचा. थंडीतच काम करायचं, पण हात असा चालवायचा की सरस गोठायच्या आत शेवटची पाचर बसली पाहिजे. कानेहिसा ठोकायचा ते तीन ठोके, तिसरा जड. किनुए ठोकते ते दोन, हलके, मग श्वासभर थांबून पुढची पाचर. मी चुलीवर भात चढवला की तिकडे तिची पहिली पाचर पडायची. माझ्या भाताला वाफ धरेस्तोवर तिचं काम आटोपलेलं असायचं.

सात वर्षांपूर्वी म्हाताऱ्याला झटका आला. पाय सावरला, उजवा हात नाही. मुलगा त्याच्या आधीच गेलेला, बांबू उतरवताना दरीत. घरात उरली सून. तिनं हातोडी उचलली. म्हातारा दारात बसून गिऱ्हाइकांशी बोलायचा आणि नाव कोरताना मनगट दुसऱ्या हातानं धरायचा. नाव चांगलं यायचं. नावापुरता हात त्याला राहिला होता.

किनुएला एवढंच हवं होतं की म्हाताऱ्यानं जिवंतपणी चार लोकांत सांगावं, ‘हे काम हिचं आहे.’ तो न सांगता गेला, तर कारखाना ओसाकाच्या पुतण्याकडे जाणार होता. पुतण्याला बांबू आणि ऊस यातला फरक फक्त खाल्ल्यावर कळतो. आणि ‘कानेहिसा’ कोरलेलं नसेल, तर तिच्या हातची काठी कुणी घेतली नसती.

दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात कागोशिमाहून सामेजिमा गुरुजी आले. चाळीस जणांना धनुर्विद्या शिकवणारा माणूस. त्यांनी ‘बरं आहे’ म्हटलं की वर्षभराचं काम येतं. मी मुठीचं कातडं दाखवायला तिथेच बसले होते, किनुए चहा ओतत होती.

गुरुजी म्हणाले, “कानेहिसा, एक विचारू? रागावू नकोस. तुझी जुनी धनुष्यं चांगली होती. पण ही गेल्या पाच-सहा वर्षांतली! दोरी सोडली की हाताला धक्का कळतसुद्धा नाही. म्हातारपणी हात सुधारलेला मी तुझाच पाहिला.”

“दारू कमी केली,” म्हातारा म्हणाला.

“मग मीपण करतो,” गुरुजी हसले. “मला एक कर. पुढच्या नववर्षाच्या पहिल्या नेमबाजीला देवळात तेच उचलीन.”

किनुएनं ओतलेला चहा कपाच्या काठापर्यंत आला. एरवी ती बोटभर कमी ओतते.

गुरुजी गेल्यावर म्हाताऱ्यानं बांबूच्या थप्पीवर डावा हात ठेवला. मग म्हणाला, “हे मी करणार.”

“बाबा, हात...”

“माझा हात मला ठाऊक आहे. माझं शेवटचं. त्याच्या हातात हे जाईल, आणि त्या दिवशी सगळ्यांपुढे उभा राहून मी तुझं नाव घेईन. मोठ्यानं. तोमे, तू साक्षीदार.”

“मी बहिरी नाही, दादा,” मी म्हटलं.

किनुएनं जमिनीला कपाळ टेकवलं. मला म्हाताऱ्याचं मोठेपण पटलं नाही. गुरुजींनी ज्याची स्तुती केली तो हात आपला नव्हता, ते त्याला झोंबलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी म्हाताऱ्यानं कामट्या शेकल्या आणि किनुएला बाहेर काढलं. “आज इथे नको.” ती माझ्या ओट्यावर येऊन बसली, हात गुडघ्यांवर. मी भात चढवला. पलीकडे पहिली पाचर पडली. तीन ठोके. मग काहीतरी जमिनीवर घरंगळलं. मग दोन ठोके, एक चुकार, लाकडावर. भाताला वाफ आली. पाचरी जेमतेम निम्म्या झाल्या होत्या.

किनुए ओठ न हलवता मोजत होती. शेवटी तिला राहवलं नाही. भिंतीपाशी जाऊन म्हणाली, “बाबा, निखारे तरी आत देऊ? सरस गोठला असेल.”

“तोंड गोठव तुझं!”

ती परत येऊन बसली. मी भात उतरवला, मुरू दिला, एक वाडगं खाल्लं. ती खाईना. वाडगं धुऊन झालं तेव्हा शेवटची पाचर बसली. “साठ आणि वर सत्तावन्न,” ती म्हणाली. “निम्म्या तरी थंड सरसावर.”

“मग सांग त्यांना.”

“काय सांगू, काकू? ते म्हणतील, नाव हवंय म्हणून माझं काम मोडतेस.”

उन्हाळाभर म्हाताऱ्यानं ते धनुष्य घासलं, पायानं दाबलं, पुन्हा घासलं. तिला त्याला हात लावू दिला नाही. दिसायला देखणं झालं. ऑक्टोबरात ते माझ्याकडे आलं.

मुठीच्या वर वेताची बारीक पट्टी गुंडाळतात. बाण तिथे घासतो, म्हणून. तेरा वळसे, माझ्या नवऱ्यापासून चालत आलेले. पट्टी भिजत घातली आणि धनुष्य उजेडाला धरलं, तर मुठीच्या वर चार बोटांवर, बाहेरच्या कामटीच्या कडेला केसाएवढी रेघ. नख फिरवलं. अडकलं.

मी धनुष्य घेऊन तशीच शेजारी गेले. म्हातारा एकटाच होता.

“दादा, इथे नख अडकतंय.”

“नख वाढलंय तुझं. काप.”

“थट्टा नाही. सुटतंय हे.”

त्यानं धनुष्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. “वेत तुझ्याकडे आहे ना? कमी पडत असेल तर जास्त गुंडाळ. नसेल जमत, तर वरच्या आळीतली मोरियामाची बायको गुंडाळते म्हणतात. स्वस्तात.”

घरी आले आणि गुंडाळलं. सतरा वळसे. रेघ सोळाव्याखाली गेली. माझं निम्मं काम त्या घरातून येतं, हे एक कारण. दुसरं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही: धनुष्य पोचलं नसतं तर किनुएचं नाव निघालं नसतं. दोन्ही कारणं मी खूपदा शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत. जड पहिलंच भरतं. त्या धनुष्याच्या कातड्याचा तुकडा मात्र कुठल्याच खिळ्यावर लावला नाही. सुयांच्या डबीत टाकला.

नववर्षाच्या नेमाला देवळाच्या आवारात दीडदोनशे माणूस होतं. किनुएनं नवरा गेल्यापासून पेटीतून न काढलेला निळा किमोनो नेसला होता, घड्यांच्या रेघा अजून दिसत होत्या. मला म्हणाली, “काकू, पाठीमागे नीट आहे ना?” लग्नाच्या दिवशी मुली विचारतात तसं.

गुरुजींचा पहिला बाण बसला. लोकांनी हुंकार भरला. दुसऱ्या बाणाला त्यांनी दोरी कानामागे नेली, पूर्ण ताण दिला आणि नेहमीसारखे थांबले. ते थांबणं बघायलाच लोक येतात. तेवढ्यात ओलं पेर चुलीत फुटावं तसा आवाज झाला. वरचा अर्धा भाग उलटून त्यांच्या तोंडावर आला. ते पडले नाहीत. गुडघे वाकवून रीतीनं खाली बसले, आणि उजव्या डोळ्यावर धरलेल्या हाताच्या बोटांमधून रक्त बाहीत उतरायला लागलं.

शिष्य धावले. मग सगळ्यांच्या माना एकदम कानेहिसाकडे वळल्या.

म्हातारा काठी टेकत उभा राहिला. “हे माझ्या हातचं नाही,” तो म्हणाला. “माझ्या हातात सहा वर्षं हातोडी टिकत नाही. काम सगळं सून करते. ही. किनुए.”

शब्द पाळला म्हणायचा. सगळ्यांपुढे, उभा राहून, मोठ्यानं.

किनुए एवढंच म्हणाली, “बाबा...” पुढचं कुणी ऐकलं नाही. वाणी हामासुना माझ्यामागेच होता. “तरीच! बाईच्या हाताला ताण कुठला कळायला?” वर्षापूर्वी हाच माणूस तिच्या हातचं धनुष्य कानेहिसाचं म्हणून भिंतीवर लावून आल्यागेल्याला दाखवत होता.

गुरुजींचा डोळा गेला. महिन्याभरात एकोणीस धनुष्यं परत आली. सगळी उजव्या खिळ्यावरची. एकेक हातात घेऊन पाहिलं मी, कुठे नख अडकलं नाही. एकावरचं नाव पटाशीनं तासलेलं होतं. म्हातारा म्हणाला, न्हाणीच्या चुलीत घाला. तो गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसला आणि ती बाहेर बसून एकेक आत सारत राहिली. जळताना बांबूची पेरं फुटतात. मी भिंतीअलीकडून मोजलं, एकोणीसही झाली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. कापडातून गुरुजींच्या मोडक्या धनुष्याचा तुकडा काढून चटईवर ठेवला. मूठ, आणि वर वेत तसाच. नखानं एकेक वळसा मोजला, सावकाश, मला ऐकू जाईल असा. सतरापाशी थांबली.

“तेरा असतात, काकू.”

मी किटलीखालचे निखारे सारखे केले.

“तुम्हाला दिसलं होतं.”

“दिसलं होतं.”

“बाबांना सांगितलंत?”

“सांगितलं.”

“आणि मला?”

शेकडो वेळा ती या खोलीत आली होती, पण आज पहिल्यांदा भिंतीकडे बघून म्हणाली, “हे दोन खिळे कशाचे?” मी सांगितलं. तिनं उजव्या खिळ्यावरचे तुकडे बोटानं मोजले. त्रेचाळीस. “आणि गुरुजींचं?”

मी सुयांच्या डबीतून तुकडा काढला आणि डाव्या खिळ्यावर टोचला. बासष्ट.

तिचा चेहरा पहिल्यांदाच सैल पडला. “चला मग, काकू. एवढंच गुरुजींच्या घरी येऊन सांगा. मी पाचरी मोजल्या, तुम्ही ऐकल्या. भाताचं सांगा. दुसरं काही नको.”

“माझं कोण ऐकणार गं?” मी म्हटलं. “आणि ऐकलंच, तर वेताचं विचारतील.”

तिनं तुकडा कापडात गुंडाळला आणि दोन्ही हात टेकवून खाली वाकली, घर सोडताना वडीलधाऱ्यांपुढे वाकतात तेवढी. सकाळच्या बसनं गेली. कुठे ते कुणाला ठाऊक नाही. कपडे फार नेले नाहीत, हातोडी नेली.

म्हाताऱ्याचा डबा आता मीच नेते. एकट्यानं घास जात नाही म्हणतो, म्हणून माझाही भात तिथेच खाते. परवा जेवता जेवता त्यानं विचारलं, “तोमे, या भिंतीतून तुला पलीकडचं सगळं ऐकू येत असेल, नाही?”

“छे हो, दादा,” मी म्हटलं. “माझे कान कधीचे गेले.”

त्यानं मान हलवली आणि लोणच्याची वाटी माझ्याकडे सरकवली.