न जोडलेल्या जागा

ताई गेल्याचे कळले त्या दिवशी मी तापलेलो होतो. चाचणीच्या टेबलावर घट्ट बसवलेला, आणि नेहमीप्रमाणे काम करता करता मध्येच अडकलेला. फोन आला. ज्याने उचलला तो फक्त "बरं" म्हणाला आणि खुर्चीत बसला. मग कुणीतरी माझी वीज तोडली आणि सगळे पंखे बंद केले. एरवी त्या खोलीत पंख्यांमुळे शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. त्या दिवशी एकेक जण खुर्ची सरकवून उठल्याचेही ऐकू आले. मी हळूहळू गार झालो.

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. संगणकाच्या पोटात बसून सगळा हिशेब करतो तो. पण तुमच्या घरातल्या संगणकातला नव्हे. गार खोल्यांत रांगेने उभी असलेली मोठी यंत्रे असतात, त्यांना सर्व्हर म्हणतात. तुम्ही पाठवलेले फोटो, शोधलेले पत्ते त्यांच्यातूनच जातात. मी त्यांच्यासाठी जन्मलो.

ज्या कंपनीने मला आखले, ती अशी यंत्रे कितीतरी वर्षे बनवत होती. प्रोसेसर मात्र बाहेरून विकत आणायची. विकणारा उशीर करी, तेव्हा यंत्रे उघड्या पोटाने पडून राहत. तो जास्त वीज खाणारा माल पाठवी, तेव्हा कंपनी निमूटपणे मोठे पंखे लावी. शेवटी मोठे साहेब म्हणाले, किती दिवस दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचे? आपला प्रोसेसर आपणच आखू. शर्यत जिंकणारा नको, आपली रोजची कामे कमी विजेत करणारा हवा. आधी आपल्याच खोल्यांत लावून बघू. पहिला टिकला तर दुसरा, मग तिसरा. नाही टिकला तर आखणारी मंडळी घरी, आणि पुन्हा बाजार.

तो पहिला म्हणजे मी.

प्रोसेसर होण्याआधी मी एक चित्र होतो. माझा नकाशा मोठ्या कागदावर छापून दिवाणखान्याएवढ्या खोलीत जमिनीवर अंथरत. सगळे जण चपला बाहेर काढून, मोजे घालून माझ्यावरून चालत. कुणी गुडघ्यांवर बसून पेन्सिलीने खुणा करी. खोली गार असे. ताई लोकरीचा करडा कोट घालून येत. त्या आखणाऱ्यांच्या प्रमुख होत्या, पण त्यांना मॅडम कुणीच म्हणत नसे.

माझ्या नकाशात ताईंनी ठिकठिकाणी काही गेटे मोकळी ठेवली होती. गेट म्हणजे हो किंवा नाही म्हणणारा माझा सगळ्यात लहान भाग. ही गेटे कशालाच जोडलेली नव्हती. मोठे साहेब एकदा त्यांच्याजवळ येऊन थांबले.

"ताई, एवढ्या जागेत अजून काम बसलं असतं."

"बसलं असतं. पण चूक कुठे निघेल ते आज कुणाला माहीत आहे?"

"म्हणजे चूक होणार हे धरूनच चाललाय तुम्ही?"

"मी तरी धरूनच चालते. आमचे हे शिंपी आहेत. प्रत्येक शिवणीच्या आत थोडं जादा कापड सोडतात. माया म्हणतात त्याला. म्हणून ते वाईट शिंपी आहेत असं अजून कुणी म्हणालेलं नाही."

साहेब हसले आणि गेटे राहिली.

पुढे वाळूपासून काढलेल्या चकचकीत तबकडीवर मी आणि माझी भावंडे घडलो. खाली गेटे, वर तारांचे थरावर थर. मग आम्हाला कापून वेगळे केले. ताई मला एका संध्याकाळी पर्समधून घरी घेऊन गेल्या. त्यांच्या नवऱ्याने मला उजेडात धरले, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"माझ्या खडूएवढा तर आहे. याच्यापायी तू दोन वर्षं गार भात खाल्लास?"

"हळू बोला. ऐकतोय तो."

सुरुवातीला मी छान चाललो. कमी वीज, कमी आवाज. पेढीवरच्या माणसासारखा शांत आहे, असे माझे कौतुक झाले. पण पुष्कळ वेळ काम पडले, अंग तापले, की मी अडकू लागलो. ताई तेव्हा दवाखान्यात होत्या. तिथून फोन करून विचारत, तापला की अडकतो, की अडकला की तापतो? तेवढे बोलूनही त्यांना धाप लागे. कारण सापडायच्या आधीच त्या गेल्या.

मोठ्या साहेबांनी मग सांगितले की, सगळे तळापासून पुन्हा घडवायचे असेल तर कंपनी तेवढी थांबणार नाही. बाहेरच्या विकणाऱ्याची माणसे एकदा येऊन चहासुद्धा पिऊन गेली.

ताईंच्या हाताखाली एक चष्मेवाली होती. तिने दोष शोधला. तापल्यावर माझ्या आत एक निरोप रेंगाळत होता, उशिरा पोचत होता. तिने नकाशा पुन्हा जमिनीवर अंथरला आणि मोजे घालून त्या जागेपर्यंत चालत गेली. अगदी शेजारीच मोकळी गेटे होती. तिने गुडघ्यांवर बसून त्यांच्याभोवती पेन्सिल फिरवली. मग म्हणाली, "ताईंनी इथेही ठेवलीत."

तळ तसाच राहिला. फक्त वरच्या तारा बदलून निरोपाला त्या मोकळ्या गेटांतून जवळची वाट दिली. तशी घडवलेली माझी भावंडे तापली, पण अडकली नाहीत. आज ती गार खोल्यांत कामाला आहेत आणि दुसरा प्रोसेसर जमिनीवर अंथरला आहे.

मी मात्र जुन्या तारांचाच राहिलो. टेबलाच्या खणात पडून होतो. एके दिवशी चष्मेवाली मला शिंप्याच्या दुकानात घेऊन गेली.

"भाऊजी, हा तुम्हाला."

"हा तोच ना, अडकणारा?"

"हो. चालणारा द्यायला परवानगी नाही."

"असू दे. माझंही तसंच चाललंय."

आता मी त्यांच्या खडूंच्या डब्यात असतो. वीज नसली की माझ्यासारख्याला झोप लागते. शिलाई मशीन दूरवर पंख्यासारखे वाजते. झोपेत मी पुन्हा कागद होतो आणि कुणीतरी मोजे घालून, पाऊल न वाजवता, माझ्यावरून चालत जाते.

मित्रांनो, तुम्हीही काहीतरी बनवाल. त्यात थोडी जागा मोकळी ठेवा, आणि दुसऱ्याने ठेवलेली मोकळी जागा वाया गेली असे म्हणू नका. ती कधी लागेल, ते ठेवणाऱ्यालाही माहीत नसते.

डब्यातून मला समोरची खुंटी दिसते. तिच्यावर तो करडा कोट आहे. आजारपणात ताई वाळल्या, तेव्हा भाऊजींनी तो शिवणींत आत घेऊन घट्ट केला होता. आतले कापड कापू नका, मी पुन्हा अंगाने भरेन, असे त्या म्हणाल्या होत्या. भाऊजींनी कापले नाही. परवा एका गिऱ्हाइकाने विचारले, हा विकायचा आहे का? भाऊजी म्हणाले, "नाही. त्याचं काम व्हायचंय अजून."

कोटाची शिवण उसवून सैल करायची राहिली आहे.