वेणी कुणाची?

त्या रविवारी चर्चच्या तळघरात एवढी गर्दी, की श्वास घ्यायचा तर आधी शेजारणीला सोडायला सांगावं लागत होतं. थोडं वाढवून सांगतेय, पण थोडंच.

सगळे लाइल पाणाड्याभोवती. आमच्या मिनेसोटातल्या निम्म्या विहिरी त्यानंच दाखवलेल्या. मग जमिनीतलं पाणी सापडतं त्याला माणसातलं पाप का नाही सापडणार?

पाप टीव्हीवर आलं होतं. आमचा आमदार ऑरिन फॉसी, त्यानं एका बिल्डरला वाढदिवसाच्या कार्डावर पाठमोऱ्या उघड्या बाईचं चित्र काढून दिलं होतं. बातमीवाल्यांनी खालचं सगळं धूसर केलं, कमरेपर्यंतची वेणी तेवढी ठेवली. घराघरांत एकच प्रश्न, ही बाई कोण?

ऑरिन तिथंच खिडकीपाशी कॉफी पीत होता. पण तोंडावर विचारायचं कसं? आमच्याकडे तो असभ्यपणा.

लाइलनं चर्चच्या कुटुंबांचं फोटोंचं पुस्तक उघडलं आणि दोऱ्याला बांधलेली बायकोची अंगठी वर धरली.

"सोन्याला भीड नसते बायांनो. सोनं खरं तेच सांगतं."

"बायकोनं बहुतेक म्हणूनच काढून ठेवली," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

अंगठी मार्लिसच्या फोटोवर गरगरली. मार्लिस शाळेची बस चालवायची. विधवा बाई, कमरेपर्यंत वेणी. बटाट्याचं गरम भांडं हातात घेऊन दारात उभी होती.

"मी आमदारांशी कधी बोललेसुद्धा नाही," ती म्हणाली.

"वेणी तर तुझीच ना गं?" माझ्या शेजारच्या डेलोरिसनं विचारलं.

चर्चच्या जेवणात बाकी सगळ्यांनी घरून आणलेली भांडी चाटूनपुसून रिकामी झाली. मार्लिसचं तसंच राहिलं. सोमवारी बसही रिकामी धावली. आठवड्याच्या आत शाळेनं तिच्याकडून बसची किल्ली काढून घेतली.

पुढच्या रविवारी विज्ञानाच्या हॅल्डिसबाई उठल्या. "लाइलकाका, एकदा डोळे बांधून दाखवा."

"बांध की. बघतं ते सोनं, मी नाही."

बाईंनी भांडी पुसायचं फडकं बांधलं आणि पानं उलटत गेल्या. अंगठी आधी मिशाळ पाद्रीबाबांवर फिरली. मग माझ्यावर. मी अठ्ठ्याहत्तरची, खरं सांगते, जरा सुखावलेच. शेवटी फिरली ती मागच्या पानावरच्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या दुरुस्तीच्या जाहिरातीवर.

"अंगठी बोटं हलवतात," बाई म्हणाल्या, "आणि बोटांना मन. डोळ्यांना वेणी दिसली की हात आपोआप थरथरतो. काकांना स्वतःलाही कळत नाही."

लाइल फडकं सोडून बोटांकडे बघत राहिला. "आणि माझ्या विहिरी?"

"आपल्याकडे कुठंही खणा काका, पाणी लागतंच."

मग त्या खिडकीकडे वळल्या, ऑरिन याही रविवारी तिथंच कॉफी पीत होता. "ऑरिन, कोण आहे ती बाई?"

ऑरिननं कप खाली ठेवला. "कुणीच नाही. एका मासिकातलं चित्र गिरवलं होतं."

"मग गेल्या रविवारी गप्प का बसलात?"

"कुणी विचारलंच नाही."

मी मार्लिसचं भांडं घेऊन तिच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, वेणी कापून बहिणीकडे गेली, कुठं ते सांगितलं नाही.

भांडं अजून माझ्याकडे आहे. बुडाला चिकटपट्टी, त्यावर तिच्या अक्षरात तिचं नाव.

म्हणून सांगते पोरांनो, अंगठी फिरताना दिसली तर आधी धरणाऱ्याचा हात बघा. आणि चित्राबद्दल विचारायचं, तर ज्यानं काढलं त्याला विचारा. वेळेवर विचारा.