पोल्ट्रीच्या वळणावरचा दिवा

खराट्याचा दांडा लेकाच्या पाठीवर मोडला, त्याचं मला काही वाटलं नाही. हळहळले ती खराट्यासाठी, नवा होता.

लेकानं कामच तसं केलं होतं. आदल्या संध्याकाळी सून डेअरीतून आली ती सायकलवर रेलून, लंगडत. कुत्र्यानं पोटरीचा लचका तोडलेला. चप्पल रक्तानं भरून पचपच वाजत होती. मी साबणानं जखम धुतली तेव्हा पोरीनं उशीचा कोपरा दातात धरला, पण तोंडातून हूं की चूं नाही. मग दवाखाना, इंजेक्शन, सगळं झालं. आणि सकाळी उठून आमचे चिरंजीव काय करतात, तर कुऱ्हाड घेऊन तिच्या सायकलीच्या मागच्या चाकावर घालतात. एक घाव, दोन घाव. तारा तटातट उडाल्या, रिम वाकडी झाली.

"आता बघतो कशी जाते डेअरीत," तो म्हणाला.

"मेल्या, चावलं कुत्रं आणि मारतोस सायकलीला? जा की ती कुऱ्हाड घेऊन पोल्ट्रीच्या वळणावर."

"आई, तू मध्ये पडू नको. माझी बायको आहे."

मग पडलेच मी मध्ये, खराटा घेऊन.

तुम्ही म्हणाल, सासू असून सुनेची बाजू घेते, यात काहीतरी काळंबेरं असणार. काही नाही. माझा लेक पोल्ट्रीवाल्याचा ट्रॅक्टर चालवतो, तोही मालकाला आठवण झाली की. सून डेअरीत दुधाची फॅट बघते. आमची चूल तिच्यावर पेटते, हे लेक सोडून सगळ्यांना कळतं. त्यात डेअरीच्या चेअरमननं निरोप धाडला होता की दोन-चार दिवस वाट बघतो, नाहीतर भाचीला बसवतो. ती भाची टपूनच बसलेली. एकदा खुर्ची गेली की परत मिळायची नाही, हे मला माहीत होतं, आणि सुनेला माझ्याहून जास्त.

अडचण एकच, ती वाट. संध्याकाळचं दूध गोळा करून, भांडी धुऊन निघेपर्यंत अंधार पडतोच. येताना पोल्ट्रीचं वळण लागतं. एका अंगाला कोंबड्यांच्या लांबलचक शेड, दुसऱ्या अंगाला खोल चर, त्यात माजलेलं गवत. तिथं कुत्र्यांचं टोळकं. गावातलं कुत्रं आपण दगडाला वाकलो की शेपूट घालतं. ही वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येतात. पोस्टमनला फोडला, शाळेच्या शिपायाला फोडला, मेंढ्या राखणाऱ्या म्हातारीचा तर अंगठाच नेला. ही तिथंच का जमतात, कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांनी पोल्ट्रीवाल्याला विचारलंही. "मेलेली कोंबडी मी खड्ड्यात पुरतो," तो म्हणाला. "रोग पसरू नये म्हणून गडी घरी गेल्यावर माझ्या हातानं पुरतो." गावातली निम्मी घरं त्याच्या शेडवर कामाला. मालक स्वतः हात घाण करतो म्हटल्यावर लोकांना त्याचं कौतुकच वाटलं.

"सायकलीला दिवा नव्हता का गं?" मी सुनेला विचारलं.

"होता की, आत्याबाई. डायनामोचा. चाक फिरतं तोवर जळतो. कुत्री समोर आली म्हणून मी ब्रेक दाबला, तर दिवाच गेला. मग नुसतं गुरगुरणं. कुठून आलं ते दिसलंच नाही."

ज्या घडीला उजेड हवा, नेमका त्याच घडीला विझणारा दिवा. आणि तो बसवून कुणी दिला, तर आमच्या चिरंजीवांनीच. फुकटचा उजेड म्हणून.

आम्ही दोघी मोडकी सायकल ढकलत वंगण्याकडे गेलो. सायकली दुरुस्त करतो तो, आणि कपाळापासून टाचेपर्यंत काळा असतो म्हणून गाव त्याला वंगण्या म्हणतं. चाक बघून त्यानं भुवया वर केल्या. "मावशी, ट्रकखाली गेली काय ही?"

"नवऱ्याच्या तावडीत सापडली. तू चाक बदल आणि आम्हाला दिवा दाखव."

त्यानं अडगळीतलं जुनं चाक बसवलं, हात पुसले न पुसल्यासारखे केले आणि दिवे मांडले. "हा घ्या. लपलप करतो, रंगीत. गिऱ्हाईक ह्यावर उड्या टाकतं."

सुनेनं तो लावून बघितला. "नको. क्षणभर उजेड, क्षणभर अंधार. तेवढ्यात कुत्रं किती जवळ आलं ते कळायचं नाही."

"मग हा. ह्याचा झोत पार पाण्याच्या टाकीपर्यंत जातो."

सुनेनं दुकानाचं शटर खाली ओढायला लावलं. अंधार झाला. झोत मागच्या भिंतीवर ताटलीएवढा पडला, आणि आम्ही तिघं एकमेकांना दिसेना. "टाकी दिसेल, पण पायाजवळचं नाही दिसत," ती म्हणाली. "मला टाकी नाही चावणार."

वंगण्या हसला, पण वरच्या फळीवरून त्यानं तिसरा काढला. लोखंडी अंगाचा, रुंद काचेचा. लावल्याबरोबर सगळं दुकान उजळलं, टायरी, डबे, कोपऱ्यातली जळमटं.

"चाक थांबलं तर?" सुनेनं विचारलं.

"चाक थांबू दे नाहीतर तू झोप. बॅटरी आहे तोवर जळणार. डेअरीत चार्जिंगला लावून ठेव."

"हातात निघतो?"

त्यानं खटका दाबला, दिवा हँडलवरून निघून हातात आला. "आणि मागे हा लाल घे. ट्रॅक्टरवाले अंधारात माणूस बघत नाहीत."

"माझा नवरा ट्रॅक्टरच चालवतो."

"मग तर घेच."

मी तो लोखंडी दिवा हातात तोलून बघितला. "ह्यानं हाणता येईल का रे?"

"मावशी, दिवा आहे तो."

"ते दिसतंय मला. आला कुणी अंगावर, तर हाणता येईल का?"

वंगण्यानं माझ्याकडे बघितलं, सुनेच्या पायाच्या पट्टीकडे बघितलं. "येईल," तो म्हणाला. मग आम्ही तोच घेतला.

सून कामावर गेली त्या संध्याकाळी मी आधीच डेअरीत जाऊन बसले, आणि येताना तिच्यामागे कॅरिअरवर, मांडीवर काठी आडवी. खड्ड्यांनी माझी हाडं खिळखिळी केली, पण दिवा झकास होता. रस्ता, दोन्ही कडा, कडेचं गवत, सगळं स्वच्छ दिसत होतं.

वळणावर ती आली. आधी नुसते डोळे, मग जबडे. सुनेनं सायकल थांबवली, खटका दाबून दिवा हातात घेतला आणि सगळ्यांत पुढच्या कुत्र्याच्या डोळ्यांत धरला. ते जागीच थबकलं.

"आत्याबाई, डावीकडे."

डावीकडून एक पिवळं धूड येत होतं. मी काठी घातली ती नाकाडावर. हाड फुटल्याचा आवाज आला. दुसऱ्याच्या कमरेत घातली, ते मागचे पाय ओढत गेलं. तिसऱ्यानं काठीचं टोकच दातात धरलं, त्याच्या पोटात लाथ हाणली. सुनेनं उजेड फिरवायचा आणि मी मारायचं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. आपल्या पोरीचं रक्त प्यायलेली जनावरं ती, दया कुठून आणू.

कुत्री मागे सरली, पण पळाली नाहीत. चराच्या दिशेनं माना वळवून उभी राहिली. सुनेनं दिवा तिकडे फिरवला, तर उजेडात माणूस. एका खांद्यावर गोणी, गोणीतून लोंबणारे कोंबड्यांचे पाय, दुसऱ्या हातात फावडं. पोल्ट्रीवाला. त्याच्या मागे चरात गवत दिसतच नव्हतं, पिसं आणि हाडं दिसत होती. वास आला तशी मी तोंडावर हात धरला.

"दिवा बंद कर," तो म्हणाला.

"हाच का तुमचा खड्डा?" सून म्हणाली.

"बंद कर म्हणतो ना. उजेड शेडवर पडतो. कोंबड्या बिथरतात माझ्या, अंड्यांवर परिणाम होतो."

"कोंबड्यांची झोप मोडते काय रे तुझ्या?" माझं डोकं सणकलं. "आणि ह्या पोरीचा पाय? त्या म्हातारीचा अंगठा?"

"म्हातारे, तुझ्या लेकाचं पोट माझ्या ट्रॅक्टरवर आहे. विसरू नको."

"मी काही विसरत नाही," सून म्हणाली, आणि तिनं उजेड त्याच्या तोंडावरून हलवला नाही.

त्यानं फावडं फिरवलं. तिच्या हातावर बसलं ते. बोटाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं, पोरगी जागीच खाली बसली. दिवा उडाला आणि चरात पिसांवर पडला, जळतच होता. तो फोडायला म्हणून हा फावडं उगारून खाली उतरला. पिसांवरून त्याचा पाय सरकला, तो उताणा पडला, आणि गोणी त्याच्या छातीवर फुटली.

कुत्र्यांना तेवढंच हवं होतं. रोज खायला घालणारा म्हणून त्याला ओळखत असतील, पण त्या वेळी त्यांनी माणूस बघितलाच नाही, गोणी बघितली. एकानं दंड धरला, एकानं गाल. दिव्याचा उजेड नेमका त्याच्या तोंडावर पडलेला, त्यामुळे मला सगळं दिसलं. कान सोलून निघाला तेही दिसलं. त्याचं ओरडणं ऐकून शेडमधल्या कोंबड्या खरंच बिथरल्या, सगळ्या मिळून कलकलाट करायला लागल्या.

मी काठी टेकून उभी राहिले. मनात म्हटलं, खा लेकहो. उघड सांगते, हेच म्हटलं.

सून मात्र चरात उतरलीसुद्धा. मोडकं बोट छातीशी धरून दुसऱ्या हातानं तिनं दिवा उचलला. "आत्याबाई, काठी आणा. मरेल तो."

"मरू दे."

"आत्याबाई, मी एकटी आहे इथं."

मग उतरले. तिच्यासाठी उतरले, त्याच्यासाठी नाही. सुनेनं त्याच लोखंडी दिव्यानं गालाला लोंबकळणाऱ्या कुत्र्याचं टाळकं फोडलं. मी इतकी मारत सुटले की माझे दोन्ही खांदे भरून आले. एकदोन काठ्या त्यालाही बसल्या, त्या चुकून बसल्या असं मी म्हणणार नाही. त्याला ओढून वर काढला, कॅरिअरवर बसवला, आणि सुनेनं मोडक्या बोटानं हँडल धरून दवाखान्याची वाट धरली. मी मागून काठी आपटत चालले. कुत्री माझ्याकडे आली नाहीत, त्यांना चरात भरपूर होतं.

पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी दवाखान्याचं बाकडं भरलेलं. शिपाई होता, अंगठा गेलेली म्हातारी होती, आम्ही होतो. पोल्ट्रीवालाही डोक्याला पट्ट्या गुंडाळून बसला होता आणि सगळ्यांना सांगत होता. "पोरीनं झोत मारला कुत्र्यांच्या डोळ्यांवर, म्हणून ती पिसाळली. मी तर सोडवायला गेलो. ह्या बायकांचे दिवे आधी बंद करायला पाहिजेत."

माना हलल्या. आमचे चिरंजीव दाराशी उभे होते, घरात कुऱ्हाड चालवणारे. तिथं ते जमिनीकडे बघत होते.

माझा हात शिवशिवला, पण सुनेनं तो दाबून धरला आणि उठली. पोटरीची पट्टी सोडून तिनं पाय बाकड्यावर ठेवला. "हा लचका दिवा घ्यायच्या आधीचा आहे. तेव्हा तर काळोख होता. कुत्री तिथं का बसतात ते मी परवा बघितलं. हे रोज मेलेल्या कोंबड्या चरात टाकतात. माझं बोट ह्यांच्या फावड्यानं मोडलं."

म्हातारीनं विचारलं, "म्हणजे खड्डा नाहीच?"

"नाही. गावाला वास यायला नको म्हणून इतक्या लांब चर निवडला."

म्हातारी सावकाश उठली. अंगठा नसलेला हात तिनं त्याच्या गालाच्या पट्टीत घातला आणि पट्टी टाक्यांसकट ओढली. तो किंचाळला. मग शिपायानं त्याला बाकड्यावरून खाली पाडलं, आणि जो तो आपापला चावा आठवून मारायला लागला. बाकडं उलटलं, औषधाच्या बाटल्या फुटल्या, नर्स दार लावून आत बसली. मी त्या दिवशी बोटही लावलं नाही, भिंतीला टेकून निवांत बघितलं. जीव थंड झाला माझा.

पोल्ट्रीवाल्यानं खड्डा खणला. चर साफ केला, वर माती ओढली. लोक आता म्हणतात, माणूस वाईट नाही, चुकला होता, सुधारला. सुनेचं नाव कुणी घेत नाही. लेकाचा ट्रॅक्टर मात्र गेला, तो सुनेच्या जिभेपायी गेला असं घरोघर बोलतात. आता सगळं घर त्या डेअरीच्या खुर्चीवर.

आणि कुत्री. चर का रिकामा झाला हे त्यांना कोण समजावणार. पोटं खपाटीला गेली तशी ती जास्तच चवताळली. आधी वळणावर असायची, आता डेअरीच्या फाटकापर्यंत येतात.

काल दूध जमा झालं, भांडी धुऊन झाली. बोटाला पट्टी बांधलेल्या हातानं सुनेनं दिवा हँडलला अडकवला आणि लावला. फाटकाच्या गजांपलीकडे डोळेच डोळे होते. लेक काठी घेऊन फाटकाशी उभा होता, त्याला मीच आणला होता.

"आई," तो म्हणाला, हळूच म्हणाला, "उद्यापासून नको जाऊ दे हिला."

"उद्याचं उद्या बघू," सून म्हणाली. तिनं एक पाय पॅडलवर ठेवला, मी मागे बसले. "फाटक उघडा."

त्यानं फाटक उघडलं.