सुईवरचे चौऱ्याऐंशी टाके

अर्धवट काम माझ्याच्यानं बघवत नाही. कुणाच्या ओढणीचा दोरा लोंबत असला की माझे हात शिवशिवतात. एसटीत पुढच्या बाईच्या ब्लाउजची उसवलेली शिवण दिसली, तर कोरेगाव ते सातारा मला दुसरं काही सुचत नाही. हा गुण की खोड, ते लोकांनी ठरवावं; माझा धंदा त्याच्यावरच चालतो. कोरेगावच्या बाजारपेठेत, घराच्याच पुढच्या खोलीत माझं दुकान आहे आणि मी लोकरीचे नक्षीदार स्कार्फ करते. मफलर नव्हे, स्कार्फ. मफलर कुणीही विणतं. माझ्या स्कार्फला क्रोशाचा काठ असतो आणि काठाचे नमुने माझ्या डोक्यातले: उसाचा तुरा, हळदीचं पान, वाईच्या घाटाच्या पायऱ्या. साताऱ्यातल्या दोघीतिघींनी फोटो मोठे करकरून माझ्या पायऱ्या उचलायचा प्रयत्न केला. एकीलाही जमल्या नाहीत, आणि मला त्याचा आनंद झाला, हे मी लपवणार नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संयोगिता दुकानात आली. ती इथून आठ-नऊ किलोमीटरवरच्या गावची. घरटी एक माणूस फौजेत, असं ते गाव. ती तिथल्या अंगणवाडीत शिकवते आणि पोरांच्या टोप्यांसाठी माझ्याकडूनच लोकर नेते, म्हणून तिची सगळी हकीकत मला माहीत होती. लग्नाला चार महिने झाले नाहीत तोच तिचा नवरा, वीरधवल, सरहद्दीवर बर्फाच्या कड्याखाली गेला. त्याला अकरा वर्षं झाली. देह सापडला नाही. सरकारी कागद आला, पेन्शन सुरू झाली, पण सासू राहीबाई एकच धरून बसली: मला माझा पोरगा कुणी दाखवला न्हाई, मंग त्यो गेला कसा? त्यामुळे चौतिसाव्या वर्षी संयोगिता गळ्यात मंगळसूत्र घालून, ना धड सवाष्ण ना धड विधवा, अशी जगत होती.

त्या दिवशी तिनं आणखी एक सांगितलं. तिच्या भावानं वाईचं एक स्थळ आणलं होतं. आप्पासो नावाचे शिक्षक, बायको वारलेली, माणूस सरळ. रविवारी त्यांच्याकडची मंडळी उत्तर घ्यायला येणार होती.

"तुझ्या मनात हाय का?" मी विचारलं.

"हाय," ती म्हणाली. लाजली नाही, मान खाली घातली नाही. "मला बी माझं घर पायजे, ताई. पर आत्याबाई वाट बघायची सोडत न्हाईत, तवर त्या उंबऱ्यातनं माझा पाय निघायचा न्हाई."

मग तिनं पिशवीतून एक मफलर काढला. हिरवट खाकी, दोन सुयांवर विणलेला, हात बरा होता. एक टोक पुरं झालेलं. दुसऱ्या टोकाचे टाके अजून सुईवरच, आणि सुई इतकी गंजलेली की शेवटच्या ओळीला तांबडा डाग पडलेला.

"आत्याबाईंनी तेंच्यासाठी इणलेला. दोनी टोकांना तुमच्या पायऱ्यांचा काठ घाला."

"आगं, ही सुई अजून यातच?"

"ऱ्हायलीया तशीच," ती म्हणाली आणि रस्त्याकडं बघायला लागली.

मला वाटलं, पोरगा गेल्याची बातमी आली आणि म्हातारीच्या हातातून विणकाम सुटलं ते सुटलंच. वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर हातही शिवशिवले. अकरा वर्षं सुईवर अडकलेले टाके! म्हटलं, असा देखणा करून देते की राहीबाई बघतच राहील.

गुरुवारी मी ते काम हातात घेतलं. पहिल्या टोकाचा काठ जेवायच्या आत झाला. जेवून दुसरं टोक घेतलं. सुईला मशीनचं तेल लावलं तेव्हा कुठं टाके हलायला लागले. मोजले, चौऱ्याऐंशी. दोन टाके विणायचे, मागचा पुढच्यावरून उचलून टाकायचा, असं करत ओळ बंद करायची. हे काम मी झोपेतही करीन. पण एकेक टाका बोटाला असा गार लागत होता की मध्येच थांबून मला हात काखेत धरावे लागले. बाहेर रखरखीत ऊन होतं.

शेवटचा टाका राहिला. दोरा कापला, त्याच्यातून ओवला आणि गाठ आवळायला ओढला. दोरा येईना. मी हात सैल सोडला, तर तो माझ्या बोटांतून आत ओढला गेला आणि गाठ आपोआप बसली. दुसऱ्या बाजूनं कुणी तरी दोरा धरला असावा, अशी ती ओढ होती. विणणाऱ्या बाईला ओढ कळते. दर माणसाच्या हाताची वेगळी असते. ही माझी नव्हती, आणि राहीबाईचीही नव्हती. मी घड्याळाकडं बघितलं. पावणेतीन.

या टोकाला काठ घालायचं मला धाडस झालं नाही. दमले असेन, असं स्वतःला समजावून मी मफलर टेबलावर ठेवला. संध्याकाळी घडी घालायला गेले तर तो ओला होता. आधी मांजरावर खेकसले. मग पिळून दोरीवर टाकला. सकाळी उन्हात बघते तर अजून पाणी ठिबकतंय. पुन्हा पिळला, तर पाणी इतकं थंड की मनगटापर्यंत कळ गेली. आणि त्याला रॉकेलचा वास येत होता. आमच्या घरात रॉकेल येऊन किती वर्षं झाली, मला आठवतसुद्धा नाही.

अकरा वाजता संयोगिता आली. चपलासुद्धा दोन पायांत दोन तऱ्हेच्या.

"ताई, टाके बंद केलेत व्हय काल?"

"केले की."

"कवा?"

"दुपारी. पावणेतीनला."

ती पायरीवरच बसली आणि सांगायला लागली. काल दुपारी राहीबाई तांदूळ निवडत होत्या. एकदम त्यांनी सूप खाली ठेवलं, "ईर आला," म्हणाल्या (वीरधवलला त्या ईरच म्हणत), आणि चुलीवर आंघोळीचं पाणी चढवलं. वेड लागलं म्हणून संयोगिता त्यांना धरायला गेली. तेवढ्यात मधल्या खोलीतून खोकला ऐकू आला, आणि बर्फातल्या चौकीवरून आलेल्या त्याच्या कपड्यांना यायचा तसा रॉकेलचा वास आला.

"आमच्या गावात रीत हाय," संयोगिता सांगत होती. "पोरगा फौजेत निघाला की आई मफलर इणाय घेती. समदा इणायचा, पर शेवटची ओळ सुईवरच ठेवायची. पोरगा सुट्टीवर आला की उंबऱ्यातच त्याच्या गळ्याभवती धरून माप बघायचं, आन् मगच टाके बंद करायचे. त्याच्याआधी कुणी हात लावत न्हाई. टाके बंद झाले म्हंजे पोरगं घरी आलं."

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याहून जास्त संताप आला.

"आगं भवाने, मग बोलली का न्हाईस? मी बाजारातली बाई. तुमच्या गावच्या रिती मला काय ठावं?"

"म्हणून तर तुमच्याकडं आले." तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "गावातली एक बाई त्याला हात लावणार न्हाई. माझा बी हात धजला न्हाई. मला वाटलं, बंद टाके बघून आत्याबाई रडतील, मला शिव्या घालतील, आन् एकदाचं संपंल. त्या बी सुटतील, मी बी सुटंन. कुणी येईल असं कुठं वाटलं हुतं मला?"

तिच्यावर ओरडायचा मला हक्क नव्हता. अकरा वर्षं मी काढली नव्हती. दुकानाचं शटर ओढलं, ओला मफलर प्लास्टिकच्या पिशवीत घातला, त्याची गंजकी सुई घेतली आणि आम्ही दोघी रिक्षानं गावाकडं निघालो.

पोचलो तेव्हा बारा वाजले होते. राहीबाई ओट्यावरच उभ्या होत्या. धुवट लुगडं, तेल घालून घट्ट बांधलेला अंबाडा. त्यांना मी एकदोनदाच बघितलं होतं, पण इतक्या ताठ कधी नाही.

"ये पोरी. तुज्या हातानं आला बघ माजा ईर. आण त्यो मफलर हिकडं. अजून कुडकुडतूय त्यो."

मधल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. ओट्यावर पाय भाजत होते, आणि त्या दारातून येणारा वारा अंगाला लागला की दात वाजत होते. राहीबाई दारापाशी बोलत होत्या तेव्हा त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. मी आत डोकावले नाही. खोटं कशाला सांगू, माझी छातीच झाली नाही. आत कुणी तरी खोकत होतं, थांबून थांबून, कोरडं.

"मावशी, माझी चूक झाली," मी म्हटलं. "मला ठावं नव्हतं. मी टाके उसवते, परत सुईवर घेते."

मला वाटलं, आता ही माझ्या झिंज्या उपटणार. पण राहीबाई संयोगिताकडं वळल्या.

"आई म्हणून मी एवढी वर्सं धरून बसले. माजं काम झालं. आता त्याची बायकू काय म्हणती ते बघू."

संयोगितानं पदर आवळून घेतला. "उसवा," ती म्हणाली.

मी ओट्यावर उन्हात बसले. क्रोशाच्या सुईनं गाठ सोडवली आणि एकेक टाका उसवून गंजक्या सुईवर घ्यायला लागले. बोटं बधिर होत होती. सातव्या-आठव्या टाक्याला माझ्या लक्षात आलं की खोकला लांब चाललाय. आधी खोलीत होता, मग परसात गेल्यासारखा वाटला, विसाव्या टाक्याला उसाच्या पलीकडून यायला लागला. दारातला वाराही कोमट झाला. राहीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मला तर वाटलं, झालं, आता घटकाभरात सुटतो सगळे. मी भराभर उसवत सुटले.

बेचाळीस टाके सुईवर आले असतील. तेव्हा लांबून, अगदी लांबून हाक आली.

"संयू."

पंचविशीतल्या पोराचा आवाज. संयोगिताच्या तोंडावरचा रंगच उडाला. त्या नावानं तिला दुसरं कुणी हाक मारत नव्हतं, हे तिनं सांगायची गरज पडली नाही.

"संयू, दार लावू नगंस गं. लय थंडी हाय हितं."

तिचा हात माझ्या मनगटावर आला.

"थांबा. टाके परत बंद करा."

"आगं येडी का खुळी तू? परवा वाईची मान्सं येत्यात. इचार कर. एवढ्यासाठीच केलंस न्हवं समदं?"

"व्हय, एवढ्यासाठीच केलं." ती रडत होती, पण आवाज हलत नव्हता. "ते मेलेले हुते तवर ठीक हुतं, ताई. आता एवढं चालत आल्यात. मी तेंच्या तोंडावर दार कसं लावू?"

मी राहीबाईकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. मला उठून पळता आलं असतं. पण अर्धे टाके उघडे आणि अर्धे बंद, असं काम टाकून मी कशी जाणार? आणि तिच्या आवाजापुढं माझं काही चालेना. काल मी ते टाके न कळता बंद केले होते. आज समजून-उमजून केले, रडत केले. शेवटच्या गाठीचा दोरा परत माझ्या हातातून ओढला गेला आणि खोकला मधल्या खोलीत आला.

तेवढ्यात संयोगिताचा फोन वाजला. तिचा भाऊ होता.

"दादा, त्या गुरुजींना न्हाई म्हणून कळव," ती म्हणाली. "आमचे घरी आलेत."

तिनं फोन ओट्यावर ठेवला, माझ्या मांडीवरचा मफलर उचलला आणि त्या खोलीत गेली. दार तिनं आतून लावून घेतलं.

त्यानंतर मी त्या गावाकडं फिरकले नाही. लोकांकडून कानावर यायचं ते एवढंच, की राहीबाई आताशा शांत असतात आणि सुनेनं अंगणवाडी सोडली.

एप्रिलच्या शेवटी, ऊन नुसतं पेटलेलं असताना, संयोगिता दुकानात आली. अंगात दोन स्वेटर. ओठ फुटलेले. नोटा मोजताना तिच्या बोटांची टोकं दिसली. काळीनिळी पडली होती. पण चेहरा? लग्नात बघितली असती तर अशीच दिसली असती. तेच मला बघवेना.

"संयोगिता, आजून बी उसवता येतील," मी हळूच म्हटलं. "तू नुसतं म्हण, मी येते."

ती हसली. "जाड लोकरीचे पायमोजे पायजेत, ताई. गुडघ्यापातूर. दोन जोड. एक तेंच्या मापाचा, एक माझ्या."

"या उन्हात? कवा पायजेत?"

"आठ दिवसांत द्या," ती म्हणाली. "तेंची सुट्टी संपत आलीया."