उन्हाळा संपला तरी बांधलेला दुपट्टा

मित्रांनो, मी एक जुना पांढरा सुती दुपट्टा आहे. जुना म्हटलं की लोक लगेच फरशी पुसायला घेतात, म्हणून हे जरा हळूच सांगतो.

सक्करदऱ्याच्या बाजारातून दीक्षाने मला आणलं, तेव्हा ती कॉलेजात होती. नागपूरच्या उन्हाळ्यात आमची ऐट काय सांगू! गाडीवरच्या प्रत्येक मुलीचं तोंड बांधलेलं, नुसते डोळे दिसतात. घरी आली की दीक्षा मला खिळ्यावर भिरकावून द्यायची. तेव्हा मला राग यायचा. आता वाटतं, तिने एकदा तरी तसं भिरकावावं.

त्याच वर्षी पावसाळ्यात तिच्या कपाळाच्या कडेला, कानांमागे, मानेवर लाल चट्टे उठले. त्यांवरून पांढऱ्या खपल्या सुटत. डॉक्टरांनी नाव सांगितलं, सोरायसिस. साऱ्या शहराने दुपट्टे सोडले, पण दीक्षाने मला सोडलं नाही. तिची मैत्रीण पायल रोज तिच्या डब्यात जेवायची. एक दिवस ती आपला डबा घेऊन लांबच्या बाकावर जाऊन बसली. माझी कड ओली झाली.

पुढे दीक्षा घरातही मला सोडेना.

“काहून वं, घरात कोण पाहून राहिलं तुले?” तिची आई कांताबाई विचारायची.

“थंडी वाजून राहिली आई.”

एवढ्या उकाड्यात थंडी! दाराची बेल वाजली की दीक्षाचे हात आपोआप माझ्या गाठीकडे जायचे. खोली रिकामी असली तरी तिला वाटायचं, कोणीतरी आपल्या मानेकडे बघतंय. आई उठण्याआधी ती अंथरुणावरच्या खपल्या झाडून टाकायची. मला तर स्वतःचीच भीती वाटू लागली होती. धुऊन दोरीवर घातलं, तरी तिच्या चेहऱ्याचा आकार माझ्यातून जात नव्हता.

मार्चमध्ये रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हा आजार कोणाला लागत नाही. औषध लावत जा आणि सकाळचं कोवळं ऊन अंगावर घे.” जे ऊन तिला हवं होतं, तेच मी अडवत होतो. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या सकाळी कांताबाईंनी गच्चीवर खुर्ची मांडली. दीक्षाने गाठ सोडली, मला मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले. किती दिवसांनी तिच्या मानेवर ऊन पडलं! शेजारच्या गच्चीवर प्रयागबाईंनी मधल्या कठड्याजवळ पापड वाळत घातले होते. त्यांनी दीक्षाकडे पाहिलं आणि पापडांची चादर धरून पलीकडच्या टोकाला ओढत नेली.

“काहून हो प्रयागबाई? ऊन तर इकडंच आहे.” कांताबाईंनी विचारलं.

“पाखरं येऊन राहिली ना तिकडं,” त्या खाली बघत म्हणाल्या.

आकाशात एकही पाखरू नव्हतं. दीक्षाने मला पुन्हा बांधलं, इतकं घट्ट की माझी वीण उसवली.

त्यानंतर ती गच्चीवर गेली नाही. कांताबाई अजून रोज खुर्ची मांडतात आणि जिन्यातून हाक मारतात, “चाल वं माय, ऊन चाललं!” खाली दीक्षा माझी गाठ आणखी आवळते.

मित्रांनो, मी विरत आलोय. मी फाटलो तर ती दुसरा आणेल, म्हणून तिला नाही, तुम्हालाच विनवतो. तुमच्या शेजारी कोणी चेहरा उघडा ठेवून उन्हात बसलं, तर पापड तिथेच वाळू द्या.